ओट्सच्या कुकीज, नाचणी आणि ‘खलास’ खजूर

गेल्या डिसेंबरात माझे आईबाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे दुबई मरीनाला आले. बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नियमित, सकाळ-संध्याकाळ मरीना वॉकवर फेरी, भात मोजून आणि चहा बिनसाखरेचा, अशी त्यांची शिस्त. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. स्वयंपाकघरात माझा वावर शनिवार-रविवारपुरता, आणि त्यातही मला येणारा एकमेव पदार्थ म्हणजे ओट्सच्या कुकीज.

पहिल्याच शनिवारी मी त्या मोठ्या हौसेने केल्या आणि चहाबरोबर बशी पुढे केली. बाबा थबकले. मी म्हणालो, “खा हो बाबा, ओट्सच्या आहेत. पथ्याच्याच.” मुलाने केलेल्या म्हणून त्यांनी चार खाल्ल्या. दोन तासांनी सवयीप्रमाणे त्यांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली, तर यंत्रावर २६८! एरवी त्या वेळी त्यांचा आकडा १६०-१७० च्या पुढे जात नाही. बाबा रागावले नाहीत. “तू म्हणालास म्हणून खाल्ल्या,” एवढेच म्हणाले. ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशीच ज्येष्ठ मंडळी हिवाळ्यात येतात, आणि ‘ओट्स’, ‘मल्टिग्रेन’, ‘नो ॲडेड शुगर’ हे शब्द पाहून आपण निर्धास्त होतो. म्हणून मी केलेला हिशेब आणि त्यातून तयार झालेली नवी कृती इथे देत आहे.

चूक कुठे होती?

माझी जुनी कृती अशी होती : ओट्स १५० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम आणि एक अंडे. यात २४ कुकीज होतात. म्हणजे एका कुकीत सव्वासहा ग्रॅम ओट्स आणि सव्वाआठ ग्रॅम साखर, साधारण दोन चमचे. नाव ओट्सचे, पण साखर ओट्सहून जास्त! बेदाण्यांची साखर वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी सुमारे २५ ग्रॅम. माझ्या तीन कुकीजमध्ये तो कोटा संपत होता.

मधुमेही माणसाला नुसती साखर मोजून भागत नाही, पिष्टमय पदार्थही धरावे लागतात. जुन्या एका कुकीत साखर धरून सुमारे १९ ते २० ग्रॅम कर्बोदके होती. लहान फुलक्यात ती साधारण १५ ग्रॅम असतात. म्हणजे बाबांना मी चहाबरोबर पाच फुलके खाऊ घातले होते.

मग ओट्सचे गुण खोटे का? मुळीच नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो, अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे पाकिटावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. परंतु त्या तीन ग्रॅमसाठी ६० ते ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. माझ्या कुकीजच्या हिशेबाने दहा-बारा कुकीज! तेव्हा ओट्सचा फायदा हवा असेल तर सकाळी वाटीभर लापशी किंवा ओट्सचा उपमा खावा. कुकी हा खाऊ आहे, औषध नव्हे. खाऊ म्हणूनच तो सुधारायचा.

नवी कृती

साखर काढून टाकली की कुकी बिघडते, हे मला दोन घाणे वाया घालवून कळले. साखर केवळ गोडीसाठी नसते. भट्टीत ती वितळते म्हणून कुकी पसरते आणि नंतर खुसखुशीत होते. साखर नसेल तर गोळा जसा ठेवाल तसाच राहतो. म्हणून गोडीसाठी खजूर घेतला आणि पसरण्याचे काम हाताने केले.

खजूर इथला, ‘खलास’ जातीचा. नाव ऐकून बाबा म्हणाले, “एका बैठकीत खलास होतो म्हणून का?” हा खजूर मऊ असतो, सहज वाटला जातो. खजुराच्या झाडाभोवतीचे ज्ञान आणि परंपरा यांना युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात अमिरातीचाही वाटा आहे. मैद्याऐवजी आपली नाचणी घेतली. करामा किंवा बर दुबईच्या कुठल्याही भारतीय दुकानात पीठ मिळते.

साहित्य (२४ कुकीज) : साधे रोल्ड ओट्स १५० ग्रॅम, नाचणीचे पीठ ७५ ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, साजूक तूप ९० ग्रॅम, दाण्याचे कूट ६० ग्रॅम, तीळ दोन मोठे चमचे, दूध पाव कप, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, वेलदोडा-जायफळ पूड, चिमूटभर मीठ.

कृती : नाचणीचे पीठ मंद आचेवर खमंग भाजावे, नाहीतर कच्चट चव राहते. ओट्सही चार मिनिटे कोरडे भाजून त्यातले निम्मे मिक्सरमध्ये जाडसर फिरवावेत. खजूर कोमट दुधात अर्धा तास भिजवून वाटावा. तूप आणि खजूर एकत्र फेसावे, मग उरलेले सर्व घालून गोळा करावा. नाचणीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या नाचणीची कुकी भुगा होते, म्हणून थोडी कणीक ठेवली आहे. गोळा २० मिनिटे झाकून ठेवावा, म्हणजे ओट्स ओलावा शोषून घेतात. नंतर २४ गोळ्या करून काट्याने दाबून चपट्या कराव्यात. खजुरातली साखर लवकर तांबूस होते, म्हणून भट्टी १८० ऐवजी १६५ अंशांवर ठेवावी. १५-१६ मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावू नये, गरम असताना त्या मोडतात.

मरीनाच्या दमट हवेत या कुकीज दोन दिवसांत मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडाभर टिकतात.

हिशेब

नव्या कुकीत वरून घातलेली साखर नाही. खजुराची साखर सुमारे चार ग्रॅम, एकूण कर्बोदके १३ ग्रॅमच्या आसपास. उष्मांक मात्र १३५ वरून ११० पर्यंतच उतरतात, कारण तूप आणि दाणे आहेतच. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. ते ऐकून हुरळून जाऊ नये, एका कुकीत त्यातले जेमतेम ११ मिलीग्रॅम येते. आणि खजूर म्हणजे बिनसाखरेचा, असेही समजू नये. त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते.

आता पैशांचे. माझ्या बिलांवरून एका घाण्याला सुमारे १२ दिरहम लागले, वीज अर्ध्या दिरहमच्याही आत. म्हणजे कुकी अर्ध्या दिरहमला पडली. जवळच्या दुकानातले ‘नो ॲडेड शुगर’ पाकीट आठ कुकीजचे, २२ दिरहमला, म्हणजे एक पावणेतीनला. आठवड्याला २४ खाणाऱ्या घरात वर्षाला अडीच हजार दिरहमहून अधिक फरक पडतो. त्या पाकिटावरील घटक वाचले, तर दुसऱ्या क्रमांकावर खजुराचा पाक! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि पाक जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वरून घातलेल्या साखरेतच मोडतो. तेव्हा पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचावी. अर्थात, तुमच्या घरी साधी ग्लुकोजची बिस्किटे येत असतील तर या कुकीज महागच पडतील. बचत सांगताना कशाच्या तुलनेत हे सांगायला हवे.

पुढच्या शनिवारी मी बाबांपुढे दोनच कुकीज ठेवल्या आणि म्हणालो, “या दोन म्हणजे पावणेदोन फुलके. रात्री तेवढे कमी खा.” दोन तासांनी आकडा आला १७२. खाल्ल्यावर दोन तासांनी तो १८० च्या आत असावा असे बहुतेकांना सांगितले जाते. यात नव्या कृतीचे श्रेय किती आणि चारच्या दोन केल्याचे किती, हे मी सांगू शकत नाही. दोन गोष्टी एकदम बदलून निष्कर्ष काढू नये, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पक्के ठाऊक असते. शिवाय हा एका माणसाचा अनुभव आहे. प्रत्येकाची प्रकृती आणि औषधे वेगळी, म्हणून किती खायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि गोळी चुकवून गोड खाण्याचा हिशेब कधीही जुळवू नये.

आईने सगळी खटपट पाहून विचारले, “एवढं करून शेवटी नाचणीच ना? मग भाकरी काय वाईट होती?” उत्तर सुचले नाही. पण फेब्रुवारीत परत जाताना तिने कृती कागदावर उतरवून घेतली, आणि बाबांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘एका वेळी दोन.’ कृतीतला सर्वांत महत्त्वाचा घटक तोच आहे.