आठ मात्रांचा लूप

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिराचं. अशा गावात हात चालणाऱ्या वादकाला कामाची वाण नसते. गणपती, दुर्गा, लग्नाची वरात, 14 एप्रिलची मिरवणूक, भजनी मंडळं, खंजेरी भजनाच्या स्पर्धा. यातल्या बहुतेक ठिकाणी विजेवरची दोन वाद्यं दिसतात. एक की-बोर्ड, ज्याला तो कुठल्याही कंपनीचा असला तरी कॅसिओच म्हणतात, आणि दुसरा ऑक्टोपॅड. नागपूरकडच्या धुमाल पार्ट्यांनी तर हीच जोडी गाडीवर चढवून रस्त्यावर आणली.

या जोडीच्या शेजारी मांडावं असं तिसरं यंत्र म्हणजे हार्डवेअर सॅम्पलर. दिसायला तो ऑक्टोपॅडचा भाऊच वाटतो. रोलँडचा एसपीडी-20 हा 1998 चा ऑक्टोपॅड: आठ पॅड आणि आत कंपनीने भरून दिलेले शेकडो आवाज. बाहेरचा आवाज मात्र त्यात घालता येत नाही. 2003 च्या एसपीडी-एस मध्ये नऊ पॅड आले आणि आवाज रेकॉर्ड करण्याची सोयही आली. पुढच्या एसपीडी-एसएक्सला दोन जीबीची मेमरी मिळाली. सॅम्पलरमध्ये जे भराल तेच तो वाजवणार. वाजवणाऱ्याची आवड, कान आणि मेहनत यांच्यावर एवढं अवलंबून असलेलं विजेचं वाद्य दुसरं सापडणं अवघड आहे.

सुरुवातीला ही चैन फार थोड्यांना परवडणारी होती. 1979 मध्ये सिडनीत तयार झालेला फेअरलाइट सीएमआय हा संगणकासह येणारा अवाढव्य संच होता. 1981 मध्ये अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर आला. 1980 च्या दशकाच्या मध्यात कॅसिओनेच एसके-1 नावाचा छोटा की-बोर्ड काढला. त्यातल्या माइकसमोर बोललं की 1.4 सेकंदांचा आवाज साठायचा आणि पट्ट्यांवर सुरात वाजवता यायचा. 1987 च्या एसपी-1200 मध्ये सगळे आवाज मिळून जेमतेम 10 सेकंद मावत. म्हणून न्यूयॉर्कची पोरं 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर पळवून रेकॉर्ड करत आणि नंतर यंत्रात तिचा सूर खाली उतरवत. जागा वाचे. आवाजाला जो खरबरीतपणा येई तोच पुढे लोकांना आवडू लागला. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यांनी अकाईसाठी एमपीसी-60 घडवला. चार ओळींत चार-चार अशा त्याच्या 16 रबरी पॅडांची मांडणी आजही बहुतेक सॅम्पलरांवर दिसते.

सिंथेसायझरच्या आवर्तनांवर आवर्तनं चढवण्याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण एमपीसी-60च्याही आधीचं आहे, आणि त्यात सॅम्पलर नाही. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. टीआर-808 चा ठेका, टीबी-303 ची फिरती बेसलाइन आणि वर ज्युपिटर-8 वर हातानं वाजवलेला राग. तिन्ही यंत्रं रोलँडचीच. तबकडी तेव्हा चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस संगीताआधी काही वर्षं मुंबईत असं काही वाजलं होतं हे पाहून जगभरचे श्रोते चकित झाले. 2015 मध्ये सिंग गेले. त्या तबकडीतली बेस तीच ती येत राहते, तरी ऐकणारा कंटाळत नाही, कारण वरचा राग हलत असतो आणि बेसचा फिल्टरही उघडत-मिटत असतो.

आपल्या कानाला ही फिरत नवी नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरणारा वादक तासभर एकच ओळ घोळवत असतो आणि तबलजी तिच्या आधारानं दूरवर जाऊन समेवर परततो. सॅम्पलरमध्ये फिरत राहणारा तुकडा, म्हणजे लूप, त्या लेहऱ्याचंच काम करतो. फरक एवढाच की पेटीवाला ऐकत असतो, थोडा सावरून घेतो. यंत्र सावरून घेत नाही. म्हणून सगळी काळजी रेकॉर्ड करतानाच घ्यावी लागते.

केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत ते बरोबर 4.8 सेकंदांत पुरं होतं. समजा कापताना हात चुकला आणि लूप 4.82 सेकंदांचा झाला. एका आवर्तनात काहीच कळत नाही. तीस आवर्तनांत, म्हणजे अडीच मिनिटांच्या आत, पुरी एक मात्रा सरकते आणि ढोलकीवाला रागानं बघू लागतो. यावर उपाय म्हणजे लांबी कानानं न कापता लयीच्या आकड्यावर बांधणं. सिंथ आणि सॅम्पलर मिडीच्या केबलनं जोडले की एक यंत्र दुसऱ्याला मात्रेमागे 24 ठोके पाठवतं आणि दोघं एकाच घड्याळावर चालतात.

दुसरी गोष्ट शेपटीची. सिंथवरचा सूर बोट उचलल्यावरही रेंगाळतो, त्यावर रिव्हर्ब असेल तर आणखीच. पहिलं आवर्तन रेकॉर्ड करून थांबलं की ही शेपटी तुटते आणि प्रत्येक समेवर एक रिकामा खड्डा ऐकू येतो. जाणकार वादक दोन आवर्तनं सलग वाजवतो आणि दुसरंच ठेवतो. पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या समेवर आपसूक आलेली असते, त्यामुळे फिरताना सांधा लागत नाही. समेवर ‘टक्’ असा आवाज येत असेल तर कापण्याची जागा जरा मागंपुढं करायची. आवाजाची लहर शून्यावर असताना कापलं की टक् जातं.

मग थर. सगळ्यात खाली बेस. त्यावर लांब सुरांचा पॅड, पण त्याचा खर्ज कापून, नाहीतर दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि स्पीकरमधून नुसती घुमघुम निघते. वर तुटक सुरांची आर्पेजिओ. इथे एक युक्ती फार गुणाची आहे: थरांची लांबी सारखी ठेवायची नाही. बेस 8 मात्रांची, आर्पेजिओ 24 ची, पॅड 32 चा. हे तिघं पुन्हा एकत्र समेवर येतात ते 96 मात्रांनी, 100 च्या लयीत जवळजवळ एका मिनिटानं. तेवढा वेळ कुठलंच आवर्तन हुबेहूब मागच्यासारखं नसतं.

सॅम्पलरवरचे पॅड संपले की दोन-तीन थर एकत्र करून एका पॅडवर उतरवता येतात. मात्र एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. सुटे थर आधी कार्डवर ठेवलेले बरे.

तालुक्याच्या गावात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अर्थिंग नीट नसेल तर लाइनमध्ये गुणगुण येते आणि प्रत्येक थरासोबत तीही रेकॉर्ड होते. एका थरात ती खपून जाते, चार थरांत साचून गाण्यापेक्षा तीच पुढे येते. जॅक, केबल आणि बोर्ड आधी तपासायचा, मगच गेन वाढवायचा. आणि लाइटीचा भरवसा नाही. जुन्या सॅम्पलरमध्ये सेव्ह न केलेला आवाज लाइट जाताच पुसला जाई. एसपी-404 सारखी यंत्रं सेलवरही चालतात, आणि वऱ्हाडात हा गुण मेमरीपेक्षा मोठा ठरतो.

या यंत्राची इथे खरी गरज आहे ती वेगळ्याच कारणासाठी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजेरी हाती घेऊन गावंच्या गावं जागी केली. त्यांचं जन्मगाव यावली आणि आश्रमाचं गाव मोझरी, दोन्ही अमरावती जिल्ह्यातलीच. पण परदेशात भरलेल्या आवाजांच्या यादीत ही खंजेरी सहसा सापडत नाही, आणि डफडंही नाही. खंजेरीच्या जागी टँबोरिनचा आवाज दाबून भागवलं जातं, तेव्हा ओळखीचं काहीतरी हरवतं. सॅम्पलर असेल तर आपल्या मंडळातल्या वादकाची खंजेरी, त्याच्या बोटांच्या वजनासकट, सिंथच्या थरांवर बसवता येते. एकच थाप घेऊन भागत नाही. हलकी, जोराची, नुसत्या झांजांची, अशा चार-पाच तरी घ्याव्यात, म्हणजे पॅडवर वाजवतानाही ती हातातली वाटते.

गाणाऱ्याचा सूर हा शेवटचा पेच. लूप काळी एकमध्ये बांधला आणि बुवा म्हणाले, ‘पांढरी दोन द्या’, तर जुन्या सॅम्पलरमध्ये सूर चढवला की लयही चढते. अर्ध्या सुराला साधारण सहा टक्के: 4.8 सेकंदांचं आवर्तन 4.53 सेकंदांचं होतं. नवी यंत्रं लय न हलवता सूर बदलतात, पण फार ताणलं की खंजेरीची थाप बोथट होते. म्हणून सिंथचे थर प्रत्येक पट्टीत वेगळे वाजवून ठेवायचे, खंजेरी मूळ सुरातच राहू द्यायची, आणि कार्डवर प्रत्येक फाइलच्या नावात पट्टी, लय आणि मात्रा लिहायच्या. ‘काळी 1, 100, 8 मात्रा’ एवढं लिहिलेलं असलं की बुवांनी पट्टी सांगितल्यापासून पहिल्या समेपर्यंत पॅडवाल्याला शोधाशोध करावी लागत नाही.