आपल्या वस्तीचा आकडा कुठे आहे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी, असे आढळले. २०१५-१६ मध्ये हा आकडा ४८ होता. दुखणे वाढले आहे.

हे सर्वेक्षण प्रत्येक घरी होत नाही. २०१९-२१ मध्ये निवडक घरांत जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासले. त्यातून देशाचा, राज्याचा आणि जिल्ह्याचा आकडा निघाला. यवतमाळचा आकडा मिळतो. बोरी अरबचा मिळत नाही, मग वस्तीचा कुठून मिळणार? आपली नोंद राहते ती आशाताईच्या आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात. तिथे नाव नसेल, तर गोळ्या आणि आहार आपल्यापर्यंत पोचणे अवघड होते.

म्हणून भगिनींनो, आपला आकडा आपणच विचारा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. गरोदरपणी ११ च्या खाली. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस, सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते. बाळंतपणानंतरही १८० दिवस. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत चालते. शौचाला काळे झाले तरी घाबरून गोळी सोडू नये.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकमेकींना विचारा, "तुझे एचबी किती?" जिला सांगता येणार नाही, तिला सोबत घेऊन आशाताईकडे जा.