पैसे घ्यायला पिन लागत नाही

जुना ट्रॅक्टर किंवा पिकअप विकायची जाहिरात मोबाईलवर टाकली की तासाभरात फोन येतो. "मी लष्करात आहे, फोटोवरूनच गाडी पसंत आहे, टोकन पाठवतो." भावात घासाघीस नाही, गाडी बघायला येणं नाही. इथेच सावध व्हा. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो. लाखांचा ट्रॅक्टर न बघता कोण घेईल?

मग क्यूआर कोड येतो. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." जमा होत नाहीत, खात्यातून जातात. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

"चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणाला, तर त्याच्या मेसेजवर जाऊ नका. खात्यातली शिल्लक स्वतः बघा. आरसी, आधारचे फोटो अनोळखी माणसाला पाठवू नका. पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर सही करा, मग चावी द्या.

फसलात तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

शंका आली तर व्यवहाराआधी ऑफिसात येऊन मेसेज दाखवा.