सुरूची बने, खाजणे आणि किनाऱ्याच्या पायवाटा: काही गैरसमज

काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोंखाली ‘पाइन फॉरेस्ट’ असे लिहिलेले हमखास दिसते. सरळ उंच खोड, सुईसारखी पाने, खाली पडलेली बोंडे आणि वाऱ्याचा घुमणारा आवाज यांमुळे फसगत होणे साहजिक आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर पाइनचे जंगल नाही. आपण ज्याखाली चटई टाकून बसतो ते सुरूचे बन. हा गोंधळ फक्त नावाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मात्र सुरूला रान समजणारा माणूस शेजारच्या खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनाला, दलदल समजतो आणि खारजमिनीला पडीक. मग पाय कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये, हे त्याला उमगत नाही.

‘सुरू हा पाइनचाच भाऊबंद’

पाइनला फुले येत नाहीत, त्याचे बी शंकूच्या खवल्यांवर उघडे असते. सुरू हा फुलणारा वृक्ष आहे. त्याची फुले बारीक असल्याने लक्षात येत नाहीत आणि आपण ज्याला शंकू म्हणतो ते त्याचे कठीण झालेले फळ असते. सुईसारखे दिसते तेही पान नसून हिरवी डहाळी असते. एक डहाळी तोडून उजेडात धरा. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर पेरे दिसतील आणि प्रत्येक पेराभोवती दातांसारखे इवलेसे खवले. तीच सुरूची खरी पाने. पाणी वाचवण्यासाठी झाडाने ती इतकी लहान केली आहेत.

कोरड्या, खाऱ्या रेतीत सुरू तगतो त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात.

रायगड जिल्हा 18 अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेला, निखळ उष्ण कटिबंधात आहे. भारतात पाइन निसर्गतः उगवतात ते हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. उटी-कोडाईकॅनालचे पाइनही माणसाने लावलेले आहेत.

‘ही बने पूर्वापारची, आणि किनाऱ्याची ढाल’

सुरूचे मूळ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो आला 1860च्या दशकात, कारवारला, मुख्यतः जळणाच्या लाकडासाठी. कोकणातली बने त्यानंतरची, लावलेली आहेत.

ढालीबद्दल मात्र दोन्ही बाजू मांडायला हव्यात. सुरूच्या रांगा वारा अडवतात आणि उडती रेती थोपवतात, त्यामुळे मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना त्यांचा आधार होतो हे खरे. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले, तेव्हा ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यापुढे सुरू पडले आणि वाड्याही उन्मळल्या. एका जातीच्या रांगेवर सगळा भरवसा टाकणे मला धोक्याचे वाटते.

या किनाऱ्याची स्वतःची ढाल होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. पुढे रेती धरून ठेवणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, त्याच्यामागे उंडी. सुरूच्या डहाळ्यांचा जाड थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. शिवाय भरतीच्या रेषेला चिकटून लागवड झाली की ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची जागा आकसते. हरिहरेश्वर, दिवेआगर आणि मारळच्या किनाऱ्यांवर ही कासवे आजही येतात. म्हणून हिवाळ्यात तिथे रात्री चालताना शेकोटी नको आणि प्रखर बॅटरीही नको.

‘कांदळवन म्हणजे चिखल आणि डास’

या समजुतीने किनाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी किंवा बाणकोटच्या खाडीत ओहोटीला गेलात तर चिखलातून वर आलेल्या हजारो बोटभर काड्या दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळेच वर काढते. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल, कारण झाड नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन मग खाली पडते. पांढरी चिप्पी हा आपला राज्य कांदळवृक्ष आहे. हा मान तिला 2020 साली मिळाला.

डासांचे म्हणाल, तर जिथे भरती रोज आत येऊन परत जाते तिथे पाणी साचून राहत नाही. भराव टाकून किंवा कचऱ्याने तोंड बुजवून पाण्याची ये-जा अडवली की ते कुजते. मग डास वाढतात आणि दोष येतो तिवरावर.

कोळणी आणि आगरी बायका ओहोटीला खुबे, कालवे, चिंबोऱ्या, निवट्या याच चिखलातून काढतात. अलिबागकर ज्याच्यावर जीव टाकतात तो जिताडाही खाडीच्या आश्रयाने वाढतो. कायद्याचीही गोष्ट सांगायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर 2018च्या निकालात कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला. जमीन खासगी असली तरी तोड चालत नाही.

चालणाऱ्यासाठी नियम सोपा आहे: कांदळवनात उतरू नका, कडेने चाला. श्वसनमुळे पायाखाली तुटतात आणि चिखल कमरेपर्यंत ओढतो. तिथल्या गेवा या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून फांद्या मोडत जाऊ नका.

‘बांधापलीकडची जमीन पडीक आहे’

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात मातीच्या बांधावरून तासन्‌तास चालता येते. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भातखाचरे. ही खाचरे समुद्राकडून मिळवलेली आहेत. बांध घालायचा, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि पावसाने मीठ धुऊन निघाल्यावर भात लावायचा, अशी ही शेती आहे. खार सोसणाऱ्या भाताच्या जातींवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात काम झाले आहे. पूर्वी गावकरी एकत्र येऊन श्रमाने बांध राखत, त्या व्यवस्थेला इकडे जोळ म्हणतात. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध 1933 ते 1939 असा शेतकऱ्यांचा संप चालला. इतक्या किमतीने राखलेल्या जमिनीला उन्हाळ्यात कोरडी पाहून पडीक म्हणणे मला सहन होत नाही.

बांधाला खांड पडली की खारे पाणी खाचरात शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकायला काही वर्षे जातात. खेकड्याच्या बिळापासूनही खांड सुरू होते. त्यामुळे बांधाच्या उतारावरून घसरत खाली जाणे, त्यावर मोटारसायकल घालणे किंवा मौजेने उघाडीची फळी हलवणे यांतला कोणताही प्रकार निरुपद्रवी नाही.

‘किनाऱ्याची वाट सपाट, म्हणून सोपी’

डोंगरात वाट जागेवर असते. इथे ती सहा-सव्वासहा तासांनी पाण्याखाली जाते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन भरतीत अडकलेल्या लोकांच्या बातम्या येतात त्या यामुळेच.

कोकणात भरतीचा अंदाज काढण्याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकरा-बाराच्या घरात जातो. म्हणजे सुट्टीला आलेली मंडळी भर दुपारी वाळूत उतरतात तेव्हा नेमके उधाण असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण ओहोटीही फार खाली जात नाही. त्या दिवशी किल्ल्याची वाट पुरती मोकळी होईलच असे नाही. ही रीत अंदाजापुरतीच. निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि कोळीवाड्यात विचारावे.

‘खरे जंगल पाहायला घाटावरच जावे लागते’

मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. 1986 साली ते अभयारण्य झाले. इथल्या पाणथळांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाणीसारख्या जागी चिखलात उमटलेले ठसे पाहायला मिळतात. गारंबीच्या मांडीएवढ्या वेली झाडांवरून लोंबतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, इथे फांद्यांच्या शेंड्यांवर घरटी बांधतो. पक्षी पाहणाऱ्यांना किनाऱ्यावरच किहीम आहे. तिथे 1930 साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला.

सुरूच्या बनात सावली आहे, हवा आहे, आणि तिथे बसण्यात काहीच गैर नाही. पण रायगडच्या किनाऱ्याला जाल तेव्हा एक सकाळ फणसाडसाठी ठेवा आणि एक संध्याकाळ खाडीच्या बांधासाठी. भरतीची वेळ आधी पाहून घ्या, आणि बांधावर चालण्याआधी शेताच्या मालकाला विचारा.