जाहिरातीत दुश्मन, व्यवहारात भागीदार : मोबाईल कंपन्यांचं नातं आणि आपल्या घरातला फोन

ईदला नवा फोन घ्यायचा ठरला की घरात दोन पार्ट्या पडतात. मुलाला आयफोन हवा असतो, अब्बांना सॅमसंगचा अँड्रॉइड परवडतो. दोन्ही बाजूंनी वाद असा रंगतो, जणू या कंपन्या एकमेकींच्या जानी दुश्मन आहेत. स्पर्धा खरी आहे, पण आतला व्यवहार वेगळा आहे. तो समजला तर आपण थोडे सावध राहू.

आधी ॲपल आणि सॅमसंग बघू. आयफोनच्या डिझाईनची नक्कल केली, असा दावा करत ॲपलने एप्रिल 2011 मध्ये अमेरिकेत सॅमसंगला कोर्टात खेचलं. 2012 मध्ये ज्यूरीने सॅमसंगला 100 कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. पुढे ही रक्कम कमी झाली, अपिलं झाली आणि 2018 मध्ये तडजोडीने भांडण मिटलं. गंमत अशी की खटला सुरू असताना आयफोनची मुख्य चिप सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होती. 2017 च्या आयफोन टेनचा स्क्रीनही सॅमसंगचाच. म्हणजे सकाळी कोर्टात तारीख आणि संध्याकाळी मालाची ऑर्डर!

ॲपल आणि गूगलची गोष्ट याहून मोठी आहे. गूगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट 2006 पासून ॲपलच्या संचालक मंडळावर होते. गूगलचं अँड्रॉइड आयफोनला टक्कर देऊ लागलं, तेव्हा 2009 मध्ये त्यांनी ते पद सोडलं. पण पैशाचं नातं काही तुटलं नाही. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये काहीही शोधलं की आपोआप गूगल उघडतं. ही जागा फुकटची नाही. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या खटल्यात उघड झालं, की यासाठी गूगलने एकट्या 2022 मध्ये ॲपलला सुमारे 2,000 कोटी डॉलर दिले. आपल्या हिशोबात साधारण दीड लाख कोटी रुपयांहून जास्त!

एवढे पैसे का? कारण फोनमध्ये जे आधीपासून लावलेलं असतं, ते बहुतेक लोक कधी बदलतच नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की गूगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा टिकवून ठेवली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. 2020 मध्ये तर फेसबुक आणि गूगल या जाहिरातीच्या बाजारातल्या दोन स्पर्धकांनी जिओमध्येच पैसे गुंतवले. फेसबुकने 43,574 कोटी, गूगलने 33,737 कोटी.

मोठ्यांच्या या खेळाशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. तर ऐका. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेत बातमी आली, की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या ॲपमधून लोकांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती. ही कंपनी तसा डेटा विकायची आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आपण लष्कराला डेटा विकला नाही, असं ॲपवाल्यांनी सांगितलं, पण एक्स-मोडशी संबंध लगेच तोडले. जगभरच्या मुसलमानांना धक्का बसला. ज्या ॲपवर अजान ऐकायची, त्यातूनच आपण कुठे आहोत हे बाहेर जात होतं.

मग ॲपल आणि गूगल या दोन्ही स्पर्धकांनी डिसेंबर 2020 मध्ये ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला लावला. जगातले जवळजवळ सगळे स्मार्टफोन या दोघांच्या प्रणालीवर चालतात. त्यामुळे दोघांनी दार बंद केलं की दुसरी वाट उरत नाही. इथे ते लोकांच्या कामी आलं. पण दार दोघांच्याच हातात असणं ही काळजीचीही गोष्ट आहे. बातमी येईपर्यंत तो कोड दोघांच्याही दुकानांतल्या ॲपमध्ये होताच. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांचा डेटा विकायला मनाई केली. त्यात प्रार्थनास्थळंही आली.

म्हणून कंपनीवर भरवसा टाकून बसू नका. घरातल्या प्रत्येक फोनवर एवढं करा :

- सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडा. नमाजच्या ॲपला ठिकाणाची परवानगी 'ॲप वापरतानाच' द्या, 'नेहमी' नको. अचूक ठिकाणाचा पर्यायही बंद करा. बऱ्याच ॲपमध्ये शहराचं नाव हाताने टाकता येतं, तेवढं वेळांसाठी पुरतं.
- अँड्रॉइडवर जाहिरातीचा आयडी डिलीट करा. आयफोनवर ॲपना ट्रॅकिंगची विनंती करू देणारा पर्याय बंद ठेवा.
- ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन बदलता येतं. एकदा दुसरं वापरून बघा.
- अम्मी-अब्बांचे आणि मुलांचे फोनही तपासा. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

फोन कुठल्या कंपनीचा घ्यायचा, ते आपल्या खिशाप्रमाणे ठरवा. त्यावरून घरात भांडण नको, त्या कंपन्या एकमेकींशी व्यवहार करतच आहेत. आपल्या घरच्यांची माहिती मात्र आपल्याकडची अमानत आहे आणि तिची राखण आपल्यालाच करायची आहे.