बोट ट्रेलरचे टायर

बोट ट्रेलरचे टायर म्हणजे होडी रस्त्याने वाहून नेण्यासाठी वाहनामागे जोडल्या जाणाऱ्या, इंजिन नसलेल्या गाड्याचे टायर होत. छोट्या ट्रेलरला बहुधा एक आस व दोन चाके असतात. मोटारीचा टायर सहसा घासून संपतो. ट्रेलरचा टायर मात्र पुष्कळदा नक्षी शाबूत असतानाच निकामी होतो. त्यामुळे बदली टायर स्वस्त आहे की नाही, हे केवळ किमतीवरून ठरत नाही. भारक्षमता, निर्मितीचा काळ आणि हवेचा दाब या तीन गोष्टी त्यात निर्णायक असतात.

निकामी होण्याची कारणे

होडी वर्षातील बराच काळ एका जागी उभी असते. या काळात ऊन व हवेतील ओझोन यांमुळे रबराला बारीक भेगा पडतात, टायरच्या एकाच भागावर भार राहतो आणि हवा हळूहळू कमी होते. कमी हवेचा टायर चालताना अधिक वाकतो व तापतो. जास्त भार आणि उन्हाळा यांची त्यात भर पडल्यास टायर फुटण्याचा धोका वाढतो.

नाशिक तालुक्यातील गोदावरीकाठचे एकलहरे हे गाव औष्णिक विद्युत केंद्रासाठी ओळखले जाते. गंगापूर धरण नाशिक शहराच्या पश्चिमेस, तर एकलहरे पूर्वेस आहे. गावातून होडी धरणाच्या जलाशयावर न्यायची झाल्यास शहर ओलांडावे लागते. असा प्रवास फार लांबचा नसला, तरी महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या टायरवर खड्डे, गतिरोधक आणि तापलेला रस्ता यांचा ताण एकदम येतो.

खुणांचा अर्थ

टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. ‘१४५/८० आर १२’ या मापात १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची, ‘आर’ ही रेडियल रचना आणि १२ हा इंचांतील रिमचा व्यास असतो. त्यापुढील अंक भारनिर्देशांक होय. ७४ म्हणजे प्रत्येक टायरला कमाल ३७५ किलोग्रॅम. निर्मितीचा काळ चार अंकांनी दर्शवतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

होडी, इंजिन, इंधन, सामान व ट्रेलर यांचे एकूण वजन ५०० किलोग्रॅम असल्यास दोन चाकांपैकी प्रत्येकावर सुमारे २५० किलोग्रॅम भार येतो. २० टक्के राखीव क्षमता धरल्यास ३०० किलोग्रॅम लागतात. म्हणजे ६६ किंवा त्याहून अधिक भारनिर्देशांक असलेला टायर पुरेसा ठरतो. वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर तोलल्यास हा हिशेब अंदाजावर राहत नाही.

किफायतशीर पर्याय

अमेरिकेत ट्रेलरसाठी ‘एसटी’ या खुणेचे स्वतंत्र टायर मिळतात. भारतात रिमचे माप व भारक्षमता जुळत असल्यास लहान मोटारीचे किंवा ऑटोरिक्षाचे सहज मिळणारे टायरही वापरता येतात. मात्र चाक जितके लहान, तितके ते तेवढ्याच अंतरात अधिक फेरे घेते. १२ इंची रिमवरील वरील टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५९० फेरे घेतो, तर ८ इंची रिमवरील ऑटोरिक्षाचा टायर ७५० हून अधिक. त्यामुळे टायर अधिक तापतो व बेअरिंगची झीज वाढते.

जुना किंवा रिमोल्ड टायर विकत घेताना स्वस्त वाटतो. परंतु त्याचे खरे वय व आतील इजा बाहेरून कळत नाही. दुकानात अनेक वर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायरही याच कारणाने महाग पडू शकतो. भारतीय मानक १५६३३ नुसार प्रमाणित मोटारीच्या टायरवर आयएसआय खूण असते. एकाच आसावर रेडियल व बायस रचनेचे टायर मिसळत नाहीत. दोन्ही चाकांना एकाच मापाचे टायर लागतात.

निगा

उभा ट्रेलर सावलीत किंवा झाकून ठेवणे, आस टेकूवर उचलून टायरवरील भार काढणे आणि निघण्यापूर्वी थंड टायरमधील हवा तपासणे यांमुळे आयुष्य वाढते. होडी पाण्यात उतरवताना तापलेली चाके पाण्यात गेल्यास बेअरिंगमध्ये पाणी शिरते. म्हणून ती आधी निवू देतात. सोबत त्याच मापाची स्टेपनी व जॅक असणेही आवश्यक मानले जाते, कारण मोटारीची स्टेपनी ट्रेलरला बसेलच असे नाही.