विमानाच्या बॅटरीवरील आंकडे

आमच्या केशोरीकडील मुलांस तलाव म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला, असें सांगतात. कोणत्याहि तलावाविषयीं दोन प्रश्न निरनिराळे असतात: पाणी किती सांठलें आहे, आणि मोरींतून एका वेळीं किती सोडतां येतें? दूरनियंत्रित छोट्या विमानाच्या बॅटरीवरील आंकडे याच दोन प्रश्नांचीं उत्तरें होत.

समजा, लिथियम-पॉलिमर बॅटरीवर ‘२२०० मिलिअँपिअर-तास, ३ एस, २५ सी’ असें छापलें आहे. पहिला आंकडा सांठ्याचा. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर; अर्थात् ही बॅटरी हिशेबानें २.२ अँपिअरचा प्रवाह एक तास देईल. ‘३ एस’ म्हणजे एकापुढें एक जोडलेले तीन घट. प्रत्येक घटाचा सामान्य दाब ३.७ व्होल्ट, म्हणून तिहींचा ११.१ व्होल्ट. दाब व सांठा यांचा गुणाकार सुमारें २४.४ वॅट-तास होतो. विमानाची खरी शिदोरी ती हीच. ‘सी’ हा मोरीचा आंकडा होय. २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअरपर्यंत प्रवाह सतत काढतां येईल, असा कारखानदाराचा दावा असतो. तो पुष्कळदां फुगविलेला असल्यामुळें मोटारीच्या गरजेहून बराच अधिक ‘सी’ घ्यावा.

आतां उड्डाण किती वेळ चालेल? मोटार सरासरी १५ अँपिअर घेत असल्यास भागाकारानें जवळजवळ ९ मिनिटें येतात. येथेंच नवशिका फसतो! बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसते. तिचा चार-पंचमांश भागच वापरावा. म्हणजे १.७६ अँपिअर-तास, आणि वेळ सातच मिनिटें. विमान आकाशांत असतां दाब घसरला, तर मोटार बंद पडते, प्रसंगीं नियंत्रणहि सुटतें. आणि खालीं माणसें असतात. शिवाय घटाचा दाब ३ व्होल्टच्या खालीं गेल्यास तो कायमचा बिघडतो, व फुगलेली बॅटरी भारित करतांना पेट घेऊं शकते.

मग मोठीच बॅटरी कां लावूं नये? कारण तिच्याबरोबर वजन वाढतें, आणि वजन पेलण्यास प्रवाहहि अधिक लागतो. म्हणून दुप्पट सांठ्यानें दुप्पट वेळ मिळत नाहीं.

शहाणा गांवकरी तलावांतील सर्व पाणी धानास सोडीत नाहीं. उन्हाळ्यांत गुरांसाठीं कांहीं राखतो. विमान उडविणाऱ्यानेंहि परतीपुरतें राखून ठेवावें.